पूर्णपणे अवलंबून

गोळ्यांची बाटली महिनाभर पुरायची होती. ती बाराव्या दिवशीच रिकामी झाली.

पत्रूने ती उलटी केली, हातावर आपटली, आत डोळा लावून पाहिला. आत कापसाचा बोळा तेवढा होता.

"बाबा, गोळ्या कुठी गेल्या?"

देवाजी ओसरीवर पान लावत बसला होता. "देल्ल्या," तो म्हणाला.

"कोणाले?"

"आल्यागेल्याले. पाव्हणा आला की पान देतो, त्याच्यासंगं एक गोळी देतो. मुंबईची चीज आहे. एकट्यानं खाल्ली तं लोक काय म्हनतीन?"

पत्रू खाली बसला. भादव्यात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर म्हातारा चालता चालता आडवा झाला होता. चांद्याच्या डॉक्टरने दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबला आणि सांगितलं, की रक्ताचा दाब फार आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक गोळी, जन्मभर. खंड पडला तर पुढच्या खेपेला उठेल याची खात्री नाही. पत्रूला ते 'पुढच्या खेपेला' रात्रंदिवस ऐकू यायचं. देवाजीला त्यातलं 'मुंबईची' एवढंच ऐकू आलं होतं.

गोळी सर्पगंधाच्या मुळीची होती. ही मुळी इथल्याच, सिंदेवाहीच्या जंगलात निघायची, जंगल खात्याच्या आवारात वाळायची, पोत्यात भरून रेल्वेने जायची, आणि त्या पोत्यांचे पास लिहिणारा कारकून म्हणजे खुद्द पत्रू. जाताना ती पोत्याने जायची. येताना बाटलीतून यायची आणि पत्रूचा अर्धा पगार घेऊन जायची. त्यात बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली.

अशा वेळी कचेरीत नवा नियम आला. जंगल खात्याच्या नोकरावर जी माणसं पूर्णपणे अवलंबून आहेत, त्यांचं औषध खातं देणार. साल सत्तावन. राज्य बदललं होतं, फॉर्म जुन्याच राज्याचे होते, वर नव्याचा शिक्का मारलेला. पत्रूने सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला.

रकाना पाचवा: वडिलांचा व्यवसाय. *काही नाही.*
रकाना सहावा: आईचा व्यवसाय. *घरकाम.*
रकाना सातवा: पूर्णपणे अवलंबून आहेत काय? *होय.*

सातव्या रकान्याची चौकशी घरी येऊन होणार होती. इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं.

चौकशीला गुणवंतराव नावाचे तपासनीस आले. जाडजूड, कपाळावर कायम घाम, काखेत फायली. देवाजीने त्यांना खाटेवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं. गुणवंतरावांनी विचारलं, की आपण मुलावर अवलंबून आहात का.

आता त्या मुलखातली रीत अशी, की ज्याच्या डोक्याला पागोटं आहे असा कोणताही बाप परक्या माणसासमोर 'मी पोराच्या हातचं खातो' असं म्हणत नाही. पोरगा राजा असला तरी तो बापाच्या घरी जेवतो. पत्रूला ही रीत जन्मापासून ठाऊक होती. फॉर्म भरताना ती त्याच्या ध्यानात आली नाही, इतकंच.

"मी त्याच्यावर?" देवाजी म्हणाला. "सायेब, हा पोरगा माह्या घरी जेवते. पुसा त्याले."

साहेबांनी पुसलं. बापासमोर पत्रू काय सांगणार? तो म्हणाला, "जेवतो."

मग देवाजीने साहेबांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भावांच्या वाटण्या होऊन त्याच्याकडे एक बांधी आणि शेततळ्याएवढ्या बोडीतला अर्धा हिस्सा उरला होता. त्या अर्ध्या बोडीतले मासे काढले. परसातली वांगी तोडली. पत्रूच्या मायने, भागीरथाबाईने, चुलीवर रस्सा टाकला, भात उतरवला, वाढून ठेवलं आणि भोंगा झाला तशी डोक्याला फडकं बांधून निघून गेली. कोणी तिला काही विचारलं नाही. साहेब दोनदा भात घेऊन उठले. वर पान झालं. पानाबरोबर, पत्रू नको नको म्हणत असताना, उसन्या पैशांच्या नव्या बाटलीतली गोळीही झाली.

साहेब बैलगाडीत झोपले ते थेट स्टेशनावर उठले. त्यांचा अहवाल आठवड्याने आला:

*वडिलांचे मालकीचे तळे, मासळी, बाग व धान्य आहे. भात उत्तम. अवलंबून दिसत नाहीत.*

पत्रूने फेरचौकशीचा अर्ज केला आणि बापाची तालीम घ्यायला लागला. साहेब विचारतील, तेव्हा फक्त 'होय' म्हणायचं. देवाजीने कबूल केलं. तालमीत तो 'होय' म्हणायचाही, पण त्याच्या मागून दर वेळी काहीतरी निघायचंच. "होय, पन." "होय, तसं पाह्यलं तं." एकदा नुसतं "होय" म्हणाला आणि त्याला इतकं वाईट वाटलं, की संध्याकाळी जेवला नाही.

तोंडाचा भरवसा नाही म्हटल्यावर पत्रूने घराला गरीब करायचं ठरवलं. कोंबड्या शेजारच्या सोमारीकडे नेऊन ठेवल्या. तांदळाची कोठी, पितळी घंगाळ, बरी खाट, सगळं एकेक करून तिच्याच घरी गेलं. सोमारी दाराशी उभी राहून मोजत होती. शेवटी तिने विचारलं, "काऊन रे पत्रू, सायेब येऊन राह्यला काय?"

"हो मावशी. उद्या."

एवढं पुरलं. घरातून सामान निघतं आहे, सरकारी साहेब येतो आहे, पत्रूचं तोंड उतरलं आहे. गावाने दोन आणि दोन चार केले. देवाजीभाऊच्या घरावर जप्ती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. गाव मदतीला आलं होतं. कोणी पायलीभर तांदूळ आणलेला, कोणी लाखोळीची डाळ, कोणी मोहफुलांचं टोपलं. सोमारीने पत्रूच्याच कोंबड्यांत आपल्या दोन घालून परत आणल्या होत्या. भिंतीशी आठ पोती उभी होती. असं भरलेलं घर पत्रूने जन्मात पाहिलं नव्हतं.

तरीही निभावलं असतं. देवाजी 'होय' म्हणायला तोंड उघडतच होता. पण गर्दीतून लटारू म्हणाला, "देवाजीभाऊ, लाजू नोको. वेळ सगळ्याईवर येते."

देवाजी पागोटं सावरून उभा राहिला.

"कोणावर आली वेळ? माह्यावर? शनवारी सारं गाव माह्या घरी जेवन. रातभर दंडार होईन. नाचनाऱ्याईचं जेवन माह्याकडं." मग साहेबांकडे वळून, "तुमी बी या. बायकोले आना."

पत्रूने डोळे मिटून घेतले. गुणवंतरावांनी फाईल उघडली, आणि पत्रूला प्रथमच जरा सहानुभूतीने विचारलं, "तुमचा पगार जातो कुठे हो?"

"बाबाच्या गोळ्यांत."

"म्हणजे तुमच्याजवळ काही उरत नाही. मग तुम्ही खाता काय?"

पत्रूने पोत्यांकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं. साहेबांनी लिहून घेतलं. जेवले. निघताना पाच मिनिटं उगाच रेंगाळले, पानाच्या डब्याकडे पाहत. देवाजीच्या ते बरोबर लक्षात आलं; पानासोबत गोळीही गेली.

*फेरचौकशीअंती असे दिसते की, अर्जदार हाच वडिलांवर पूर्णपणे अवलंबून आहे. सही. शिक्का.*

या खेपेला जागीच मिळालेला हा कागद घेऊन देवाजी तीन दिवस गावात हिंडला. ज्यांना वाचता येत होतं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, ज्यांना येत नव्हतं त्यांना शिक्का दाखवला. शनिवारी खरंच गाव जेवलं, बहुतेक ज्याने त्याने आणलेलंच. आणि रविवारी बाटलीत चार गोळ्या राहिल्या. म्हणजे दोन दिवस.

सोमवारी सकाळी देवाजी उठताना खांबाला धरून जरा वेळ तसाच उभा राहिला. "काई नाई," तो म्हणाला. "जमीन हालून राह्यली थोडीशी." पत्रूने त्याला बसवलं. जमीन हलत नव्हती.

त्याच वेळी गुणवंतराव दारात आले. फाईल बंद करण्याच्या कागदावर अर्जदाराची सही हवी होती, असं ते म्हणाले. नजर डब्याकडे होती. पत्रू दौत शोधायला लागला. भागीरथाबाई डोक्याला फडकं बांधून बाहेर पडत होती. दार साहेबांनी अडवलं होतं, म्हणून ती थांबली.

काहीतरी बोलायचं म्हणून साहेब म्हणाले, "कुठे निघालात बाई?"

"हजेरीले."

"कशाच्या?"

"जंगल खात्याच्या. मुळ्या वाळवाले. सरका जरा, भोंगा झाला."

साहेब सरकले नाहीत. "किती वर्षं जाता?"

"पत्रू नोकरीले चिकटला त्याच्या आंधीपासून. मीच सायेबाले सांगून त्याले चिकटवलं."

"हजेरीपट कोण लिहितं?"

भागीरथाबाईने हनुवटीने पत्रूकडे दाखवलं.

पत्रूने दौत खाली ठेवली. नऊ वर्षं दर शनिवारी तो स्वतःच्या हाताने लिहीत होता: *भागीरथाबाई देवाजी, मुळ्या वाळवणे, सहा दिवस.* नऊ वर्षं तिचा अंगठा धरून शाईत बुडवत होता. आणि फॉर्मवर आईचा व्यवसाय आला, तेव्हा त्याच हाताने, क्षणभरही न थांबता, 'घरकाम' लिहिलं होतं.

गुणवंतराव खाटेवर बसले. नियमाचं पुस्तक काढलं. पाच वर्षं सलग हजेरी असलेला मजूर हाही खात्याचा नोकर, असं त्यात पान बारावर होतं. त्यांनी भागीरथाबाईला विचारलं, की घर कोणाच्या जिवावर चालतं.

बाईने देवाजीकडे पाहिलं. तो पागोटं सावरत होता, पण एका हाताने. दुसऱ्याने अजून खांब धरला होता.

"याईच्याच," ती म्हणाली. "ते हायेत म्हनून तं." मग उंबऱ्याबाहेर गेल्यावर, साहेबांना तेवढं ऐकू येईल अशा बेताने, "लिवा माह्या नावावर. त्याईले वाचून दाखवू नोका."

अडचण एकच राहिली. मुलगा बापावर पूर्णपणे अवलंबून, हे साहेबांच्याच सहीने सिद्ध झालं होतं, आणि साहेब स्वतःची सही खोडत नसत. आता बाप मायवर अवलंबून निघाला. तेव्हा मुलगाही ओघाने तिच्यावरच आला.

*खात्याची नोकर: भागीरथाबाई. पूर्णपणे अवलंबून: पती १, मुलगा १.*

पंधरवडा उसनवारीवर काढला, मग खात्याचं औषध सुरू झालं. बाटली आता पानाच्या डब्याशेजारी नसते, भागीरथाबाईच्या कमरेच्या पिशवीत असते. सकाळ-संध्याकाळ ती गोळी काढते, देवाजी हात पुढे करतो, आणि तो समोर गिळेपर्यंत ती हलत नाही. गुणवंतराव अजून अधूनमधून येतात. तिने त्यांना पहिल्याच खेपेला चांद्याच्या डॉक्टरचा पत्ता दिला. त्यांचाही दाब इतका निघाला, की डॉक्टरने त्यांना उभं राहू दिलं नाही म्हणे.

देवाजी लोकांना सांगतो, की सरकारने कागद पाहून आपल्याला गोळ्या लावून दिल्या. गोळी मुंबईची का, असं कोणी विचारलं तर तो मान हलवतो. "घरचीच आहे," म्हणतो. "पत्रूची माय वाळवते."

शनिवारी हजेरीच्या टेबलाशी भागीरथाबाईचा नंबर आला. पत्रूने तिचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि उठवण्याआधी थांबला.

"माय, ऐकून घे. काम, मुळ्या वाळवणे. खाली, अवलंबून मानसं, दोन."

"चार लिव," ती म्हणाली आणि स्वतःच अंगठा दाबला. "तुही बायको लेकरू घेऊन सोमवारी येऊन राह्यली."