नव्या मालकिणीसाठी काय ठेवायचं

जाताना दिव्याचे बल्बसुद्धा काढून नेणारी माणसं असतात, आपण त्यातले नव्हे, असं बाना नोंडे एन्डोला शहरातल्या आपल्या आळीत ज्याला त्याला ऐकवत होती. बाना नोंडे म्हणजे नोंडेची आई. नोंडे लग्न होऊन लुसाकाला गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण आईला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. नवरा, कापेम्ब्वा, खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला, तसं दोघांनी लुआन्श्याला एक आटोपशीर घर घेतलं आणि इथलं विकलं.

बाना नोंडेचा बेत मोठा उदार होता. नवी मालकीण आल्या दिवशी नुसती शेगडी पेटवून जेवायला बसली पाहिजे. म्हणून तिने कोळशाचं एक पोतं भरून ठेवलं, मक्याचं पीठ ठेवलं, शेंगदाण्याची बरणी ठेवली. पडद्याच्या दांड्या राहू दिल्या. मागचं दार जरा उचलून ढकलावं लागतं, हेही सांगून जायचं तिने ठरवलं होतं. कापेम्ब्वाला बायकोचा अभिमान वाटला. तो तसं बोललाही, आणि हे फार क्वचित व्हायचं.

मग एके सकाळी कुंपणापलीकडून बाना कालुबाने हाक मारली. बाना कालुबा शेजारीण. दोघींनी एकमेकींची पोरं वाढवली होती, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवली होती. नवी मालकीण काल आपल्याकडे येऊन गेली, असं ती उत्साहाने सांगू लागली. जेरे आडनाव, पूर्वेकडच्या न्गोनी जमातीची, दवाखान्यात नर्स. येताना घरी केलेला केक घेऊन आली. काय हसते, काय बोलते! आणि केक इतका हलका, की बाना कालुबाने तसा केक आजवर खाल्ला नव्हता.

गेली कित्येक वर्षं दर नाताळात बाना कालुबाने केक खाल्ला होता तो बाना नोंडेच्या हातचा.

"आणि हो," बाना कालुबा म्हणाली, "बाजारात कसाव्याचे चांगले कंद कुणाकडे मिळतात ते दाखवायला मी तिला शनिवारी नेणार आहे."

ती कसाव्याची बाई बाना नोंडेने शोधलेली होती. बाना कालुबाला तिच्याकडे पहिल्यांदा नेलंही तिनेच.

त्या दुपारी शेंगदाण्याची बरणी परत खोक्यात गेली. पाठोपाठ पीठ गेलं. नर्सबाईला पगार असेल की, घेईल विकत, असं तिने नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या दांड्या उतरल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी कापेम्ब्वा न्हाणीघरात शिरला आणि अंधारात दाराच्या चौकटीवर आपटला, कारण बल्ब नव्हता. कपाळ चोळत तो बाहेर आला तेव्हा बायको स्टुलावर चढून स्वयंपाकघरातली फळी उचकटत होती.

"अगं, घर विकलंय आपण," तो म्हणाला. "मी सवत आणलेली नाही."

सवत परवडली असती, असं बाना नोंडेला मनातून वाटलं. सवतीला निदान कुंपणावरून दोन शब्द सुनावता तरी आले असते. इथे तिच्याच अंगणात दुसरी बाई कपडे वाळत घालणार, तिच्याच अव्होकाडोच्या सावलीत बसणार, आणि बाना कालुबा तिला सासूच्या गोष्टी सांगणार. त्यातल्या निम्म्या गोष्टी तर बाना नोंडेच्या सासूच्या होत्या. मागच्या दाराबद्दल ती आता चकार शब्द काढणार नव्हती. बस म्हणावं ढकलत.

निघायच्या दिवशी कापेम्ब्वा ट्रकबरोबर सामानाची पहिली खेप घेऊन गेला. घरात बाना नोंडे एकटी राहिली आणि तिची नजर अंगणातल्या पितळी नळावर गेली. तो नळ ती लिंबाने घासून सोन्यासारखा ठेवायची. जेरेबाई त्याखाली भांडी घासतेय, हे चित्र काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिने पाना घेतला. एन्डोलात दुपारच्या वेळेला नळाला पाणी नसतंच. सकाळी येतं, जरा वेळ राहतं आणि जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती निर्धास्त होती.

नळ हातात आला आणि पाणीही आलं.

नुसतं आलं नाही, उसळून आलं. पहिला फवारा तोंडावर, दुसरा डोक्याच्या फडक्यावर, आणि तिसरा उघड्या दारातून थेट आत, जिथे तिच्या गाद्या ट्रकच्या दुसऱ्या खेपेची वाट बघत होत्या. बाना नोंडेने पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. तेव्हा पाणी थांबलं. पण अंगठा काढला की गाद्या गेल्या, आणि मुख्य कॉक अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, भोपळ्याच्या वेलाखाली. ती तशीच उभी राहिली. अंगठा बधिर झाला, मग मनगट. बाना कालुबाला हाक मारावी असं चारदा मनात आलं आणि चारदा तिने ओठ आवळले.

हाक मारावी लागली नाही. फाटक वाजलं आणि बाना कालुबा स्वतःच आत आली. सोबत जेरेबाई होती, तिच्या हातात केक.

जेरेबाईने भिजलेल्या बाईकडे पाहिलं, पाइपवरच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्या दुसऱ्या हातातल्या पितळी नळाकडे पाहिलं.

"बेम्बा लोक माकडं खातात हे ऐकून होते," ती म्हणाली. "नळ खातात हे नवीन."

बेम्बा आणि न्गोनी, म्हणजे या दोघींच्या जमाती, पूर्वी एकमेकांशी लढले, आणि तेव्हापासून त्यांच्यात मस्करीचं नातं आहे. वाटेल ते बोलावं, समोरच्याने रागवायचं नाही. रागावता येत नव्हतं हीच तर बाना नोंडेची पंचाईत होती.

"तुम्ही उंदीर खाणाऱ्या," ती दात आवळून म्हणाली. "बिळात राहता, तुम्हाला नळ कशाला लागतो?"

जेरेबाईला हसू आवरेना. तिने केक बाना कालुबाच्या हातात दिला, चपला काढल्या, चिखलात उतरून पाइपवर स्वतःचा तळवा दाबला आणि विचारलं, "पाणी बंद कुठून होतं ते सांगता, की तेही लुआन्श्याला नेताय?"

आता सांगणं भागच होतं. भोपळ्याच्या वेलाखाली, बाना नोंडे म्हणाली, आणि कॉक उलटा फिरवावा लागतो, म्हणून मीच जाते. ती गेली, बंद करून आली, आणि नळ बसवायला लागली. बसवता बसवता तिच्या तोंडून मागच्या दाराचंही निघून गेलं, अव्होकाडो कधी उतरवायचे तेही, आणि पावसाळ्यात कोणत्या खोलीत बादली ठेवायची तेही. पुढे तिघींनी मिळून गाद्या उन्हात टाकल्या. केक खाल्ला. तो खरंच हलका होता, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

दांड्या, बल्ब आणि फळी तिने निघण्याआधी परत जागच्या जागी लावली. नवऱ्याला मात्र ट्रकमध्ये जागा पुरली नाही असं सांगितलं.

काही महिन्यांनी बाना नोंडे एन्डोलाला गेली. घराचा उकिरडा झालेला बघायला मिळेल अशी तिला आशा होती. घर लख्ख होतं. पण जेरेबाईचा चेहरा उतरलेला. तिने चहा दिला आणि मन मोकळं केलं. पाववाला विचारतो, बाना नोंडेचं घर ना? दवाखान्याचा ड्रायव्हर आणायला येतो तो बाना नोंडेच्या घरी. बाना कालुबा तर उठताबसता सांगते, बाना नोंडे हे असं करायची, बाना नोंडे ते तसं करायची.

"ताई, पैसे मी मोजले," जेरेबाई म्हणाली, "आणि राहते मात्र तुमच्या घरात पाहुणीसारखी. खरं सांगते, तुमचा हेवा वाटतो मला."

बाना नोंडेने तिचा हात हातात घेतला. लोकांच्या सवयी लवकर मोडत नाहीत, मनाला लावून घेऊ नकोस, असं तिने मोठ्या मायेने समजावलं. बसमध्ये बसल्यावर ती गालातल्या गालात हसली, ती लुआन्श्या येईपर्यंत.

स्टँडवर तिने टॅक्सी केली आणि आपला पत्ता सांगितला. ड्रायव्हरला काही तो कळेना. तिने दुकानाची खूण सांगितली, चर्चची सांगितली, पुढचं वळण सांगितलं.

"हां हां," ड्रायव्हर म्हणाला, "मग सिंकालांचं घर म्हणा ना, आई."

सिंकाला म्हणजे ज्यांनी बाना नोंडे आणि कापेम्ब्वाला ते घर विकलं, ते.

"तेच," बाना नोंडे म्हणाली.