जिन्याखालची मोटरसायकल: पास की रिजेक्ट?

निर्णय घ्यावा तर माझ्यासारख्यानंच! बत्तीस वर्षं कारखान्यात माल तपासला. वस्तू हातात घेतली की पाच सेकंदांत शिक्का: पास, नाहीतर रिजेक्ट! त्यामुळे लेकीनं फोनवर जेव्हा सांगितलं, "बाबा, त्या जुन्या मोटरसायकलचं एकदा काय ते ठरवा, रविवारी भंगारवाला येतोय," तेव्हा मी हसलोच. "रविवार कशाला? चहा पिता पिता ठरवतो!"

चहा अर्थात एकट्याचा. ही गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरात एकच कप विसळला जातो. गाडीही तेव्हापासून जिन्याखाली चादर पांघरून पडलेली. शेजाऱ्यांशी बोलणं म्हणाल तर "उकडतंय ना?", "हो ना!" एवढंच.

नियम सोपा ठेवला. सुरू झाली तर पास, मग दुरुस्त करून ठेवायची. नाही झाली तर भंगारात. टाकीत नवं पेट्रोल ओतलं आणि किक मारली. ढिम्म!

चाळिसाव्या किकला समोरच्या दुकानातला शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून आला. "काका, पायात जोर नाही तुमच्या! सरका." त्यानं पंचवीस मारल्या आणि माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. धापांचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर उतरले. सारा जन्म दवाखान्यात गेलेला माणूस. त्यांनी थेट टाकीला कान लावला!

"घशाशी काहीतरी अडलंय," ते म्हणाले.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग कार्ब्युरेटर उघडला. आत पेट्रोलचा थेंब नाही! "बघा, किती स्वच्छ ठेवलाय!" मी छाती फुगवून म्हटलं.

शनिवारपर्यंत गाडी तीनदा उघडली, तीनदा जोडली. दर वेळी दोन स्क्रू उरले! चहाला कप पुरेनात म्हणून स्टीलचे पेले काढले. कंपाउंडरही एकटेच राहतात, हे इतकी वर्षं एका जिन्यात राहून मला त्या आठवड्यात कळलं. लेकीचा फोन आला तर मी चक्क म्हणालो, "नंतर बोलू गं, कामात आहे!"

रविवारी भंगारवाल्यानं हँडलला दोर बांधला आणि मी तो दोर धरूनच ठेवला. "थांब! तपासणी बाकी आहे!" मी ओरडलो. कंपाउंडर धावत जाऊन नाक्यावरच्या मेकॅनिकला घेऊन आले. तो वाकला, टाकीखाली हात घालून काहीतरी फिरवलं, जरा थांबला आणि एक किक मारली. धडधडधड!

"पेट्रोलचा कॉक बंद होता," तो म्हणाला. "कोणी केला?"

कोणी केला! मी जन्मात कधी कॉक बंद केला नाही. मागच्या सीटवरून उतरली की हीच वाकून बंद करायची. "विसरलात ना?" म्हणायची. शेवटच्या फेरीनंतरही तिनंच केला असणार. सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले. "धूर फार आहे हो," असं म्हणून वेळ मारून नेली.

तर, पास! भंगारवाला दोर गुंडाळून गेला. टाळ्या वाजल्या. मग शिंपी मशीनवर गेला, कंपाउंडर वर गेले आणि मी पेले धुऊन परत फळीवर ठेवले.

सोमवारी गाडी ठणठणीत उभी. पण जायचं कुठे? आणि मागे बसणार कोण? दिवसभर कोणी खाली उतरलं नाही.

मंगळवारी सकाळी मी इकडेतिकडे पाहिलं, वाकून कॉक बंद केला आणि जिन्यात तोंड घालून ओरडलो, "अहो, परत बंद पडली हो!"

कंपाउंडर हातात पाना घेऊनच आले. वाकून टाकीखाली नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो.

"अवघड केस आहे," पायरीवर बैठक मारत ते म्हणाले. "आठवडा तरी जाईल. आधी चहा टाका, मी शिंप्याला बोलावतो!"