डाळिंबी फेटे

सोमवारी सकाळी गणपतराव आण्णा आपल्या सज्जात बसून रस्त्यावरची डोकी मोजत होते. त्यांना सगळी डोकी मोजायची नव्हती, फक्त तीनच मोजायची होती. केरबा, जोतीराम आणि मीरासाब या तिघांच्या डोक्यांवर डाळिंबी रंगाचे नवे कोरे फेटे होते. गुळाच्या गाड्यांमागून एक गेला, म्हशींमागून दुसरा गेला, तिसरा कल्हईचा भाता खांद्यावर टाकून गेला.

"एक, दोन, तीन," आण्णा समाधानानं म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

ही गोष्ट युरोपात मोठी लढाई चालू होती तेव्हाची. कोल्हापुरातल्या त्या पेठेला सात जणांची एक कमिटी होती. विहिरीचा गाळ काढणं, कंदिलात तेल घालणं, तालमीचा आखाडा राखणं ही तिची कामं. आण्णा अकरा वर्षं तिचे अध्यक्ष होते. आण्णा आणि त्यांचे हे तीन मेंबर मिळून चार, आणि समोर नृसिंहराव वकील व त्यांचे दोघे मिळून तीन. चार हे तिनापेक्षा मोठे, एवढ्या हिशोबावर आण्णांची खुर्ची उभी होती. दसऱ्याला सोनं लुटायला पेठ निघाली की अध्यक्ष सगळ्यांच्या पुढे उभा राही. तो मान आण्णांना जेवणाहून प्रिय होता.

येत्या गुरुवारी नवा अध्यक्ष निवडायचा होता, आणि रविवारी दसरा. त्यातच कुणीतरी आण्णांच्या कानाशी लागलं की, तुमच्यातला एक जण फुटणार. कोण ते त्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा आण्णांनी युक्ती काढली. त्यांचा स्वतःचा जुना डाळिंबी फेटा अख्ख्या पेठेला ओळखीचा होता. तसाच फेटा तिघांना द्यायचा. गुरुवारपर्यंत जो फेटा घालील तो आपला, जो काढील तो फुटला. वकिलांची माणसं पांढरे फेटे बांधत, त्यामुळे नजरचुकीचाही प्रश्न नव्हता.

"सरळ जाऊन इचारा की तिघास्नी," त्यांची बायको, आक्का, म्हणाली होती.

"राजकारनात सरळ कुणी इचारत न्हाय," आण्णा म्हणाले होते.

शमशुद्दीन रंगाऱ्यानं मात्र आधी मान हलवली होती. "आण्णा, तुमचा फेटा लढाईआधीचा. आता जर्मनीची पक्क्या रंगाची पुडी यायची बंद झाली. हिरड्याचं पानी, तुरटी, मंजिष्ठेची उकळी, असं रीतीनं करायचं तर आठ दिस लागतील."

"मला उद्या पायजेत."

"डब्याच्या तळाला हलक्या जातीची उलीशी पुडी हाय. रंग दिसंल झ्याक, पर कच्चा. पान्याचा न् घामाचा हात लागू देऊ नका. तिघास्नी तेवढं सांगा."

"सांगतो की," आण्णा म्हणाले, आणि फेटे बगलेत मारून निघाले. वाटेत त्यांना दसऱ्याला कोणता कोट घालावा हा प्रश्न पडला, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

मंगळवारी आण्णा पुन्हा सज्जात बसले. डाळिंबी फेटे दिसले दोनच. गुळाच्या गाड्यांमागून केरबा गेला, पण त्याच्या डोक्यावर फेटा होता पांढरा!

आण्णांच्या हातातली बशी कलंडली. केरबा? अकरा वर्षं 'आण्णा म्हणतील तसं' याखेरीज कमिटीत दुसरं वाक्य न बोललेला केरबा? आणि फेटाही कसा बांधलेला, तर थेट भुवयांपर्यंत खाली ओढलेला. तोंड लपवणाऱ्या माणसासारखा.

"आक्का, केरबा फुटला."

"कशावरनं?"

"कपाळ दावंना."

बुधवारी सकाळी म्हशींमागून गेलेला जोतीराम पांढरा होता. दुपारी भाता घेऊन परतलेला मीरासाबही पांढरा होता. दोघांचेही फेटे भुवयांपर्यंत. आता मात्र आण्णांना रागापेक्षा नवल वाटू लागलं. वकिलांनी यांना दिलं तरी काय असेल? आणि तिघेही कपाळं का झाकतात? त्यांनी घरातल्या घरात स्वतःचा फेटा भुवयांपर्यंत ओढून पाहिला. त्यातून काही उलगडलं नाही, उलट उंबऱ्याला पाय अडखळला.

शेवटी ते जोतीरामाच्या गोठ्यावर गेले. जोतीराम धार काढत होता.

"काय जोतीराम, डोस्कं कसं हाय?" आण्णांनी खोचून विचारलं.

जोतीराम दचकला. त्यानं फेटा आणखी बोटभर खाली ओढला. "बरं हाय की आण्णा. डोस्क्याला काय झालंय?"

"न्हाय, हलकं वाटत आसंल. वझं उतरल्यागत."

"कसलं वझं?"

"ते तुलाच ठावं," असं म्हणून आण्णा निघून आले. घरी येऊन त्यांनी आक्काला सांगितलं, "इचारलं मी. दचकला."

"फेटा कुठं गेला म्हनून इचारलं?"

"तसं इचारलं तर राजकारन कसलं त्यात!"

संध्याकाळी त्यांनी तिघांना घरी बोलावलं. चहा झाला, पान झालं. मग आण्णांनी परडीतून बेल-भंडारा पुढे ठेवला. "केरबा, जोतीराम, ह्यो उचला आन् शपथ घ्या, उद्या मत मलाच देनार. मीरासाब, तू दर्ग्याकडं तोंड करून घे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आण्णा, आकरा वरसांत कदी शपथ लागली न्हवती," केरबा हळूच म्हणाला.

"आकरा वरसं मला डोळं न्हवतं. आता समदं दिसतंय."

"काय दिसतंय?" मीरासाबनं विचारलं.

"तुमास्नी ठावं हाय. वरनं पांढरं, आतनं काय त्ये तुमचं तुमी जाना!"

जोतीराम उठला. "आमचा इश्वास न्हाय म्हना की सरळ! दुपारी गोठ्यावर येऊन टोमणं मारून गेलासा, आता बेल-भंडारा. आमी काय चोर हाय?"

"मग कपाळं का झाकताय?"

केरबानं काही बोलायला तोंड उघडलं, आण्णांच्या डोक्यावरच्या फेट्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग तिघेही उठून गेले. परडीतला भंडारा होता तसाच राहिला.

गुरुवारी दुपारी तालमीशेजारच्या खोलीत कमिटी बसली. आश्विनातलं ऊन कौलांवर तापत होतं. एका बाजूला डाळिंबी फेटा एक, बाकी सहा पांढरे. कारकुनानं विचारलं, "गणपतरावांच्या बाजूनं कोण?"

आण्णांनी हात वर केला आणि डावीकडे पाहिलं. केरबा छताकडे बघत होता, जोतीराम पायाच्या अंगठ्याकडे, मीरासाब दाराकडे.

"नृसिंहरावांच्या बाजूनं?"

सहा हात वर गेले. सर्वांत शेवटी वर गेला तो खुद्द वकिलांचा. आपण निवडून आलो यावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता.

"का पन?" आण्णांच्या तोंडून निघून गेलं. अकरा वर्षांत त्यांनी कमिटीत विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता.

"काल सांजंपतुर मत तुमालाच हुतं, आण्णा," केरबा म्हणाला. त्याच्या गालांवरून घाम ओघळत होता. "ह्या तालमीतल्या मारुतीरायाची आन. पर तुमी बेल-भंडारा पुढं सरकवला आन् मन उडालं बगा." असं म्हणत त्यानं घाम पुसायला फेटा काढला.

त्याचं कपाळ डाळिंबी होतं. कपाळच काय, कानांपासून टाळूपर्यंत सगळं डोकं पिकल्या डाळिंबासारखं चमकत होतं.

जोतीरामानंही फेटा काढला. डाळिंबी! मीरासाबनं काढला. डाळिंबी!

"ह्ये काय?" आण्णांचा आवाज बारीक झाला.

"तुमचाच फेटा," मीरासाब म्हणाला. "भट्टीम्होरं घाम, आन् दिसातनं पाच येळा तोंड धुनं. दोन दिसात समदा रंग डोस्क्यावर उतरला आन् फेटा झाला पांढरा. तरी तोच बांधला. तुमी दिला हुता न्हवं!"

"माजा म्हशीनं शेपटीनं भिजवला," जोतीराम म्हणाला.

"आरं मग सांगायचं न्हाय व्हय मला?"

"तुमी मायेनं दिलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?" केरबा म्हणाला. "म्हनून कपाळं झाकत हुतो."

आण्णांना शमशुद्दीनचं दुकान आठवलं, त्याचा डबा आठवला आणि 'सांगतो की' हे आपलेच शब्द आठवले.

केरबानं वकिलांना विचारलं, "हात खाली घेता येतोय का वो?"

वकिलांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. "आता पुढच्या वर्षी."

रविवारी पेठ सोनं लुटायला निघाली. पुढे नृसिंहराव. आण्णा दुसऱ्या ओळीत उभे राहिले आणि सवयीनं त्यांची नजर डोकी मोजू लागली. तिघेही तिथेच, त्यांच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी उभे होते. पांढऱ्या फेट्यांखाली तीन डाळिंबी पट्ट्या उन्हात उठून दिसत होत्या. कुणीतरी पाहुण्यानं विचारलंही, "ह्ये कुठल्या पक्षाचं, वो पावणं?"

तिघांनीही आण्णांकडे पाहिलं.

आण्णांनी आपट्याचं पान केरबापुढे धरलं. त्यानं ते घेतलं, पण हसला नाही.

"केरबा," आण्णांनी घसा खाकरून सरळ विचारलं, "रागावलाईस व्हय?"

"व्हय."

"किती दिस?"

केरबानं कपाळावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "ह्यो रंग जाईपतुर."

आण्णांनी घाईनं गर्दीत शमशुद्दीनला शोधून काढलं. "आरं, त्यो रंग किती दिस टिकतो?"

"कापडावर का, आण्णा? म्या तवाच सांगितलं की, दोन दिस."

"कापडाचं न्हाय इचारत. कातडीवर?"

शमशुद्दीननं तिन्ही कपाळं लांबूनच निरखून पाहिली आणि कौतुकानं मान डोलवली. "तिथं पक्का बसलाय बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाच्या बायकोनं दार उघडलं, तर उंबऱ्यात आण्णा उभे. डोकं बोडकं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि हातात भिजवलेल्या रिठ्यांचं तांब्याभर फेसाळ पाणी.

"केरबाला बाहीर धाड," ते म्हणाले. "अजून दोन डोस्की धुवायची हायत मला."