ओग्न्यानची असामान्य बकरी

"असामान्य? अगं, त्या वकीलबाईंना माझ्यासमोर आणून बसव! एक सूर ऐकवतो. तिथल्या तिथे डोळे पुसत सही करतील!"

ओग्न्यान बालाबानोव बायकोला हे सांगत होता तेव्हा त्याच्या तोंडात बनित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या बल्गेरियन पेस्ट्रीचा, भलामोठा घास होता. त्यामुळे चीजचे कण आणि आत्मविश्वास, दोन्ही टेबलभर उडाले.

तसा त्याचा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता. शिकागोच्या आसपास बल्गेरियन लग्न निघालं की गायदा वाजवायला ओग्न्यानच लागे. गायदा म्हणजे बॅगपाइपचा डोंगरात वाढलेला थोरला भाऊ. बकरीच्या अख्ख्या कातड्याची पिशवी काखेत धरायची, फुंकून फुगवायची आणि कोपरानं दाबत वाजवायची. ओग्न्यान वाजवायला लागला की म्हातारे रडत, नवरदेव रडे, आणि शेजारच्या हॉलमधलं लग्न थांबे.

पण त्याचा व्हिसा संपत आला होता. अमेरिकेत राहायला एकच वाट उरली होती: आपण असामान्य प्रतीचे कलावंत आहोत, हे सरकारला पटवून द्यायचं. नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्याची बायको त्स्वेताना नुकतीच एका बेकरीत भागीदार झाली होती, तिला परत जायचंच नव्हतं. ओग्न्यानची परत जायला तशी ना नव्हती. पण 'हा असामान्य नाही' असा शिक्का मारून घेऊन? छे!

वकीलबाईंचं नाव हॅरिएट लुंडग्रेन. ओग्न्यान पिशवी फुगवायला लागलेला पाहून त्या खुर्चीतून उठल्याच.

"वाजवू नका! सरकारला कान नसतात, मिस्टर बालाबानोव. कागद दाखवा. एखादं मोठं बक्षीस?"

"आहे की! अख्ख्या रोडोपी डोंगरात पहिला आलोय!"

"वा! पदक कुठंय?"

"पदक नाही. मेंढा."

"मेंढा?"

"जिवंत! शिंगं ही एवढी!"

"मग त्याच्यासोबत फोटो?"

"फोटो काढायला वेळ कुणाला होता? संध्याकाळी खाल्ला."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही पुरावा खाल्लात?"

"एकट्यानं नाही हो! सगळं गाव होतं!"

बाईंनी मग त्याला समजेल असं सांगितलं. एक, वर्तमानपत्रात त्याच्या वादनाबद्दल काहीतरी छापून यायला हवं. दोन, त्याच क्षेत्रातल्या एखाद्या नावाजलेल्या माणसानं 'हा माणूस थोर आहे' असं लिहून द्यायला हवं. आणि तो माणूस नातेवाईक नको.

"मग पंचाईत आहे," ओग्न्यान म्हणाला. "गायद्यातलं ज्यांना कळतं ते सगळे माझे मामा आहेत."

तरी तो डगमगला नाही. त्यानं वाचनालयाचा हॉल ठरवला, कार्यक्रमाची पत्रकं वाटली आणि गावच्या साप्ताहिकाला फोन केला. तिथला बातमीदार कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "बघू. त्या दिवशी भोपळ्यांचं प्रदर्शन आहे."

"भोपळे!" ओग्न्याननं फोन आपटला. "आता असा वाजवतो की भोपळेसुद्धा उठून हॉलमध्ये येतील!"

एरवी तो चर्चच्या तळघरात सराव करायचा. पण तिथे डागडुजी चालू होती. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यानं घरचं गॅरेज गाठलं, दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि डोंगरातलं एक विरहाचं गाणं काढलं.

पलीकडच्या घरात वांडाबाई कोवालचिक कोबी चिरत होत्या. पोलंडमधल्या शेतावर वाढलेल्या बाई. जनावराचा आवाज त्यांना बरोबर कळायचा. त्यांनी सुरी खाली ठेवली, कान दिला आणि फोन उचलला.

"लवकर या! शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये बकरी अडकलीय! नाही हो, साधं ओरडणं नाही, फार सोसतेय बिचारी!"

शनिवारची सकाळ, आग कुठेच नाही. त्यामुळे अग्निशमन दलाची अख्खी गाडीच आली. सायरन ऐकून भोपळ्यांकडे निघालेला बातमीदारही मागोमाग आला.

दाराला धक्के बसले तसा ओग्न्यान दचकला. त्यानं दाराच्या काचेतून पाहिलं, तर समोर हेल्मेट आणि कुऱ्हाडी!

"आत जनावर अडकलंय का?" बाहेरून कुणीतरी ओरडलं.

आता बल्गेरियात 'नाही' म्हणायचं तर मान वर-खाली हलवतात. एवढी वर्षं अमेरिकेत काढून ओग्न्यान हे सांभाळायला शिकला होता. पण घाबरला की त्याची मान थेट गावाकडची होई. त्यानं जोरजोरात मान वर-खाली केली.

"अडकलंय म्हणतोय! फोडा रे!"

दार आडवं झालं. बेकरीतून धावत आलेली त्स्वेताना पिठाच्या हातांनी कपाळ धरून उभी राहिली.

"बकरी कुठंय?" दलाचे कॅप्टन डोनोव्हन यांनी विचारलं.

"ही काय, माझ्या काखेत."

"जिवंत आहे?"

"छे! कधीच गेली. सासऱ्यांनी कापली."

एका जवानानं हळूच हेल्मेट काढलं. वांडाबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली. बातमीदार भराभर लिहायला लागला.

"अरे देवा, वाजवून दाखव ना!" त्स्वेताना किंचाळली. "बोलू नकोस, वाजव!"

ओग्न्याननं वाजवलं. पडलेल्या दारावर उभं राहून ते विरहाचं गाणं त्यानं पुन्हा काढलं. पहिल्या ओळीला जवान एकमेकांकडे बघून हसले. दुसऱ्या ओळीला हसू थांबलं. गाणं संपलं तेव्हा कॅप्टन डोनोव्हन यांचं हेल्मेट त्यांच्या छातीशी होतं.

"पुन्हा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी दलाच्या बॅगपाइप पथकाचा प्रमुख आहे. आयुष्य गेलं पाइप फुंकण्यात. देशभर स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. हे असलं मी कधी ऐकलं नाही."

ओग्न्याननं त्यांना मिठीच मारली. "तुम्ही माझे मामा नाही ना?"

"नाही बुवा."

"मग लिहून द्या!"

कॅप्टननी दोन पानं लिहून दिली. साप्ताहिकात पहिल्या पानावर बातमी आली: 'बकरी सोडवायला गेले, मैफल ऐकून आले!' भोपळे आतल्या पानावर गेले. ओग्न्याननं चौकातल्या दुकानातले सगळे अंक उचलले. घरी येऊन वाचलं आणि मटकन खाली बसला. बातमीदारानं नाव ऐकून लिहिलं होतं. छापलं होतं, 'थोर वादक ओनियन बालाबानोव'!

"कांदा?" त्स्वेतानानं तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून बाहेर आलं. "तुला कांदा केलं?"

वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. कांदा आणि ओग्न्यान ही एकच व्यक्ती आहे, हे सिद्ध करण्यात त्यांचे बरेच दिवस गेले. साप्ताहिकानं दुरुस्ती छापली, कॅप्टननी शपथेवर सांगितलं, आणि वांडाबाईंनीही निवेदन दिलं: 'मला वाटलं, एखादा जीव मनापासून रडतोय.' त्याखाली वकीलबाईंनी लाल रेघ मारली. "यापेक्षा मोठी दाद कुठली?"

अर्ज मंजूर झाला! ओग्न्यान बालाबानोव असामान्य ठरला, तेही सरकारदरबारी. त्स्वेतानानं बेकरीला सुट्टी दिली, अंगणात टेबलं मांडली, आणि कॅप्टन आपलं पथकच घेऊन आले. ओग्न्यान पाहुण्यांमध्ये असा फिरत होता, जणू छाती ठेवायला त्याला वेगळी खुर्ची लागणार होती.

वांडाबाई केक घेऊन आल्या. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"फार बरं वाटलं हो. म्हणजे आता तुम्ही कायमचे असामान्य?"

"कायमचा!"

"सरकारनंच सांगितलंय?"

"सरकारनंच!"

"मग," वांडाबाईंनी आशेनं विचारलं, "आता सरावाची काही गरज नाही ना?"

ओग्न्याननं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. त्स्वेतानानं वांडाबाईंच्या हातातला केक घेतला आणि म्हणाली, "तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मी सकाळपासून विषय काढायला बघत होते."