सात दिवसांत कार्यवाही व्हावी

शाळा आपली मुलाखत घेणार, हे ऐकूनच तक्राररावांचं डोकं फिरलं.

"म्हणजे? पोरगी आपली, शाळा निवडायची आपण, आणि परीक्षाही आपलीच?" त्यांनी कप असा आदळला की बशीला तडा गेला (बशी त्यांच्या आईनं दिलेली होती, म्हणून बायको काही बोलली नाही). "मुलाखत मी घेणार! शाळेची!"

तक्रारराव हे अर्थात ऑफिसातलं नाव. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर त्यांना सोळा वर्षं झाली होती. दिवसभर लोकांच्या अर्जांवर 'प्रलंबित' असा शिक्का हाणायचा आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या तक्रारी लिहायच्या. बेकरीवाला, बसवाले, खालच्या मजल्यावरचा कुत्रा, कुणीही त्यांच्या पेनातून सुटलं नव्हतं.

"अहो, हात जोडते," बायको म्हणाली, "ही एकच शाळा उरलीय. तिथे तोंड उघडू नका."

ते मात्र खरं होतं. त्यांची सहा वर्षांची पिटुकली डावखुरी. आताच्या शाळेतल्या बाई तिच्या डाव्या हातातली पेन्सिल ओढून उजव्या हातात कोंबायच्या. वर्षभरात त्या बडबड्या पोरीनं आधी लिहिणं सोडलं, मग बोलणंही. आणि कॅथलिक सिस्टरांच्या या छोट्या खाजगी शाळेत फॉर्म आणायला गेले, तर एक सिस्टर तिला म्हणाली, "तुला ज्या हातानं येतं ना, त्या हातानं लिही गं." पोरीनं उभ्या उभ्या अख्खा कागद भरला. पहिलीत एकच जागा रिकामी होती.

"मला काय कळत नाही?" तक्रारराव गुरगुरले. "एक शब्द बोलणार नाही, बस्स."

आणि खरंच बोलले नाहीत. मुलाखतीआधी शाळा दाखवली, तेव्हा इतर पालकांबरोबर ते ओठ घट्ट मिटून फिरले. पण डोळे कसे मिटणार? फाटकावरच्या रखवालदारानं त्यांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. वर्गात त्यांच्या वाट्याला आलेली खुर्ची डुगडुगत होती. आणि व्हरांड्यातला नळ ठिबकत होता (नळ! पाणीपुरवठ्याच्या माणसासमोर!). संताप पार घशाशी आला. तेवढ्यात चॅपलच्या, म्हणजे शाळेच्या प्रार्थनाघराच्या दाराशी त्यांना एक लाकडी पेटी दिसली. वर चीर, बाजूला कोरे कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. 'आपली विनंती येथे टाकावी.'

अशी पेटी कशासाठी असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तक्रारीला विनंती म्हणायचं, वा रे वा! ऑफिसातही हाच चावटपणा चालायचा. बोलायचं नाही असं ठरलं होतं, लिहायचं नाही असं कुठे ठरलं होतं? त्यांनी झरझर चिठ्ठी खरडून आत टाकली. वळून बघतात तो बायकोही एक चिठ्ठी टाकत होती. हिलाही राग आला तर! त्यांना तिचा अभिमानच वाटला.

मग सगळ्यांना चॅपलमध्ये बसवलं. जाड चष्म्याच्या एक वयस्कर सिस्टर पेटी घेऊन पुढे आल्या.

"आता तुमच्या विनंत्या देवापुढे ठेवू या. प्रत्येक वेळी म्हणायचं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

तक्रारराव बाकावर खाली घसरले.

सिस्टरांनी पहिली चिठ्ठी वाचली, "माझ्या आजोबांचा गुडघा बरा व्हावा."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

सिस्टरांनी पुढची चिठ्ठी उघडली. हातात येईल ते वाचायचं, हा त्यांचा खाक्या. "क्रमांक एक. पहिलीच्या वर्गातली खुर्ची डुगडुगते. पाय तातडीने सारखे करावेत."

मग अख्खं चॅपल म्हणालं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

"क्रमांक दोन. नळाला वॉशर नाही. लाज वाटायला हवी."

"हे प्रभो..." मागे कुणीतरी खुसखुसलं.

"क्रमांक तीन. रखवालदाराला हसायला शिकवावे. सात दिवसांत कार्यवाही व्हावी, अन्यथा वर दाद मागितली जाईल." सिस्टरांनी छताकडे बघितलं. "तीच मागतोय आपण."

काय हा अन्याय! तक्रार गोपनीय ठेवायची असते, एवढंही यांना कळू नये? तक्राररावांचे कान लाल झाले. तोच पिटुकलीनं त्यांची बाही ओढली.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंत? आता मला परत त्याच बाईंकडे जावं लागेल?"

राग कुठल्या कुठे गेला. तक्रारराव ताडकन उभे राहिले. "चिठ्ठी माझी आहे! जे काय असेल ते मला बोला. पोरीची यात काही चूक नाही. ती... ती फार छान लिहिते हो."

"बसा," सिस्टर म्हणाल्या. "अजून एक चिठ्ठी राहिलीय. 'माझ्या नवऱ्याला प्रवेश होईपर्यंत तोंड आणि पेन बंद ठेवण्याची बुद्धी मिळो.'"

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक!" सगळं चॅपल गरजलं. त्यात सर्वांत मोठा आवाज पिटुकलीचा होता. वर्षभरात ती एवढ्यानं बोलली नव्हती.

बरोबर सातव्या दिवशी शाळेचं पत्र आलं.

'आपल्या मुलीचा प्रवेश मंजूर. खुर्ची: दुरुस्त. नळ: दुरुस्त. रखवालदार: हसतो, जरा जास्तच. आपल्या पत्नीची विनंती: प्रलंबित.'