नंदाताईंनी ओळखलेला चंद्र

हमरापूरच्या नंदाने एका व्हिडिओखाली कमेंट टाकली, एवढंच झालं होतं. (घरच्या मूर्तींच्या कारखान्यात दीडशे गणपती डोळ्यांवाचून बसले होते आणि डोळे तिनेच रेखायचे होते, हे खरं. पण चहा पिताना माणसाने काहीतरी बघायला नको?) व्हिडिओतला काळ्या चष्म्याचा माणूस सांगत होता की चंद्रावर कुणी गेलंच नाही, सगळं स्टुडिओत शूट केलं, खरी यानं गुपचूप भलतीकडेच जातात. नंदाने चंद्राची जमीन बोटांनी मोठी करून पाहिली आणि लिहिलं, 'हे प्लास्टर हाय. वीस वर्षं घासतेय, मला शिकवू नका.'

चार दिवसांत नऊ हजार लाइक आले. मग एका चॅनेलचा फोन. 'खरं की खोटं' कार्यक्रमात प्लास्टरतज्ज्ञ म्हणून याल का?

"नको गो त्या फंदात पडू," नवरा, सुशील, म्हणाला.

"तुम्ही जळताय. रोह्याच्या मंडळाला यंदा चंद्राचा देखावा करायचाय. मंडळाचे अध्यक्ष काळुराम शेठ टीव्ही बघतील, ऑर्डर आपल्याला देतील."

"आणि चुकलीस तर?"

"प्लास्टर ओळखायला? मी?"

कार्यक्रमाच्या दिवशी नंदा ठेवणीतली साडी नेसून, गणपतींच्या पुढ्यात मोबाइल लावून बसली. निवेदिका दिपिकाने पहिला फोटो दाखवला.

"प्लास्टर," नंदाने पापणीही न लववता सांगितलं. "तेपण हलक्यातलं."

दुसरा फोटो आला. करडी जमीन, खड्डे, सगळीकडे धूळच धूळ. नंदा पुढे वाकली. तिचा आवाज हळवा झाला.

"हा खरा चंद्र. धूळ बघा कशी अलगद बसलीय. हातानं व्हायची नाय अशी. इथं कधी माणूस फिरकलाच नाय."

दिपिका गोड हसली. "नंदाताई, पहिला फोटो चंद्राचा, यानाने काढलेला. दुसरा तुमच्या कारखान्याच्या मागच्या खोलीचा. आम्ही कारखान्याचे फोटो मागवले होते, तेव्हा तुमच्या मिस्टरांनी पाठवला."

सुशील तोवर सगळ्यात मोठ्या गणपतीमागे गेला होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काळुराम शेठ. सुशीलने मागूनच हात लांब करून फोन नंदाकडे दिला. ती मनातल्या मनात ऑर्डरवर पाणी सोडून "हॅलो" म्हणाली.

"वहिनी, ऑर्डर तुमचीच."

"काय सांगता, शेठ!"

"व्हय तर. ती धूळ पोत्यांत भरून द्या, अख्खा देखावा होईल. फक्त तोवर त्या खोलीत झाडू मारू नका."

"नाय मारणार, शेठ."

"ते माहीत हाय हो," शेठ म्हणाले. "आता सगळ्या महाराष्ट्रालाच माहीत हाय."