व्याह्यांची माशी

"भाच्याच्या मुंजीत ज्याने मुंडावळ्या बांधल्या, त्याला एक माशी बांधता येणार नाही?"

श्रूजबरीतल्या आपल्या किचनमध्ये रवींद्र सबनीस छाती फुगवून म्हणाले. पद्मिनीताई चक्क्यात साखर घोटत राहिल्या. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायका असल्या वाक्यांना उत्तर देत नाहीत.

प्रकरण असं की, लेक अनिका बेनशी लग्न करणार होती आणि बेनचे वडील वॉल्टर यांना गळाने ट्राउट मासे पकडायचं वेड. पहिल्या भेटीत बोलणं खुंटलं, तेव्हा रवींद्रांनी "आय ऑल्सो लव्ह फिशिंग" असं ठोकून दिलं. खरं तर त्यांचा माशांशी संबंध ताटापुरता! वॉल्टर इतके खूश झाले की वडिलांच्या हातची एक माशी त्यांनी नमुना म्हणून दिली. गळावर बांधलेली खोटी माशी. राखाडी केसांचं अंग, गळ्याभोवती कोंबड्याची पिसं. ती पाण्यावर तरंगते, ट्राउट फसतो. शंभर वर्षांपूर्वी मिशिगनमध्ये एकाने ही पहिल्यांदा बांधली आणि ज्या मित्राने ती वापरून पाहिली त्याचंच नाव तिला दिलं, ॲडम्स.

"डॅडची ही एकच उरलीय," वॉल्टर म्हणाले. "तशीच बांधून पाहा. जेवायला येईन तेव्हा दोन्ही बघू."

आता व्याह्यांपुढे अब्रूचा प्रश्न! रवींद्रांनी डायनिंग टेबल अडवलं. पीस सुटायचं, दोरा तुटायचा, गळ बोटात घुसायचा.

"अहो, जेवायचं कुठे?"

"उभ्याने जेव."

शेवटी केळवणाच्या दिवशी सकाळी एक माशी जमली. अगदी हुबेहूब! दोन्ही शेजारी ठेवून ते आंघोळीला गेले.

तेवढ्यात पद्मिनीताई श्रीखंडाचं पातेलं घेऊन आल्या. टेबलावर माशी! आणि आज व्याही जेवायला येणार! इतके दिवस खोट्या माश्या बघूनही डोक्याआधी हात चालला. पायातली चप्पल काढून त्यांनी सणकन हाणली. शेजारची जागची हलेना, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

रवींद्र टॉवेलवरच धावत आले.

"कुठली मारलीस?"

"डावीकडची."

डावीकडची म्हणजे वॉल्टरच्या डॅडची. रवींद्र मटकन खुर्चीत बसले. "संपलं. पोरीचं लग्न मोडलं."

"काही मोडत नाही. खरं सांगून टाका, माणूस भला आहे."

"तूच सांग."

"मला वाढायचंय."

वॉल्टर आले ते थेट टेबलाशीच. रवींद्रांनी बशीत दोन्ही माश्या पुढे केल्या आणि घसा खाकरला. "वॉल्टर, एक गोष्ट सांगायची होती..."

वॉल्टरनी हात वर करून थांबवलं. धडधाकट माशी तळहातावर घेतली, आणि त्यांचे डोळेच भरून आले. "डॅडचा हात शंभरात ओळखेन मी. ही सफाई आता कुणाला येते?"

मग त्यांनी चप्पल खाल्लेली माशी चिमटीत धरली. बराच वेळ बघितली. रवींद्रांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पहिल्या प्रयत्नाला ठीक आहे. जरा चपटी झालीय. पुढच्या शनिवारी घरी या, मी पहिल्यापासून शिकवतो."

रवींद्रांनी तोंड उघडलं. पद्मिनीताईंनी त्यांच्या वाटीत श्रीखंडाचा मोठा डाव वाढला आणि मराठीत हळूच म्हणाल्या, "खरंच सुरेख बांधलीत हो. आता गप्प जेवा."